विद्यार्थ्यांच्या सॉफ्टवेअर प्रकल्पातील नोंदी : लॉगबुकात नेमके काय लिहावे?

माटुंगेकर (धागाकर्ती)

महाविद्यालयांत प्रकल्पांचे गट ठरण्याचे दिवस आहेत, म्हणून हा विषय आत्ताच मांडत आहे. ब्लॅक बुक (प्रकल्पाचा अंतिम छापील अहवाल) बाइंडिंगला टाकण्याच्या आठवड्यात तो मांडून काही उपयोग होत नाही. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करते आणि मुंबईतील काही अभियांत्रिकी महाविद्यालयांत बाह्य परीक्षक म्हणून जाते. बहुतेक गटांचा प्रोग्रॅम चालतो आणि पडद्यावरचे सादरीकरणही नेटके असते. मात्र "हाच डेटाबेस का घेतला?" किंवा "ही सुविधा मूळ आराखड्यात होती, ती का वगळली?" असे विचारले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. त्यांनी विचार केलेला असतो, चर्चाही झालेली असते, पण ती कुठेच लिहिलेली नसते आणि सात-आठ महिन्यांनी कोणालाच नीट आठवत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या 'सी' स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) मिनी प्रोजेक्टसाठी गटात ३ ते ४ विद्यार्थी असावेत, प्रत्येक गटाने लॉगबुक ठेवून त्यात आठवड्याची प्रगती लिहावी आणि मार्गदर्शकाने ती तपासून आपले शेरे नोंदवावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या स्कीमप्रमाणे टर्म वर्कच्या (सत्रभरातील कामाच्या) २५ गुणांपैकी १० गुण मार्गदर्शक लॉगबुकाच्या आधारे देतात, १० गुण आढावा समिती देते आणि अहवालाच्या दर्जाला ५ गुण असतात. म्हणजे छापील अहवालापेक्षा लॉगबुकाला दुप्पट वजन आहे. स्वायत्त महाविद्यालयांचे नियम वेगळे असतात, तरी लॉगबुक बहुतेक ठिकाणी असतेच.

प्रत्यक्षात हाती येते ते असे : "या आठवड्यात लॉगिन मॉड्यूलवर काम केले. ५० टक्के पूर्ण." पुढच्या आठवड्यात "लॉगिन मॉड्यूलवर काम केले. ७० टक्के पूर्ण." सगळी पाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली आणि सगळ्या सह्या एकाच दिवशी घेतलेल्या. अशी वही परीक्षकाला काहीच सांगत नाही, आणि ज्यांनी वर्षभर खरेच कष्ट केले त्या मुलांचे नुकसान यात सर्वांत जास्त होते, कारण त्यांच्या कष्टांचा एकमेव पुरावा त्यांनी स्वतःच पुसट करून ठेवलेला असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की किती काम झाले यापेक्षा कोणता निर्णय का घेतला याची नोंद मोलाची असते, आणि ती त्याच दिवशी व्हायला हवी. आपल्याकडे दुकानदार रोजकीर्द आणि खतावणी वेगळी ठेवत : रोजकिर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने येत आणि खतावणीत प्रत्येक खात्याचा हिशोब एका जागी दिसे. प्रकल्पाच्याही दोन वह्या असाव्यात. लॉगबुक तारखेनुसार चालावे. त्याच्या जोडीला एक निर्णयवही असावी, तीत एकेका निर्णयाला एकेक पान द्यावे.

निर्णयवहीतले पान कसे असावे, याचा एक नमुना देते. समजा, गट सोसायटीच्या टाकीतील पाण्याची पातळी मोबाइलवर दाखवणारी प्रणाली करीत आहे.

"निर्णय ७. पातळी मोजण्याचा सेन्सर बदलणे. २०२५-०९-१२. चौघेही उपस्थित.
परिस्थिती : एचसी-एसआर०४ (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर) झाकणाखाली बसवल्यावर सुरुवातीला अंतर बरोबर दाखवत होता, नंतर त्यावर बाष्प साचले आणि आकडे भरकटू लागले.
पर्याय : त्याच सेन्सरला आवरण करणे, फ्लोट स्विच लावणे, जलरोधक जेएसएन-एसआर०४टी घेणे.
निर्णय : जलरोधक सेन्सर घ्यावा. आवरणामुळे ध्वनिलहरी अडतात. फ्लोट स्विच ठरावीक उंचीला पाणी पोचले की नाही एवढेच सांगतो, आपल्याला मधली पातळी हवी आहे.
परिणाम : या सेन्सरला सुमारे २५ सेंटिमीटरच्या आतले अंतर मोजता येत नाही, म्हणून तो ओव्हरफ्लोच्या पातळीपासून त्याहून जास्त उंचीवर बसवावा लागेल. त्याहून कमी आकडा आल्यास प्रोग्रॅमने तो टाकून द्यावा आणि दर वेळी पाच वाचनांचा मध्यक घ्यावा. हा बदल १९ तारखेपर्यंत."

हे लिहायला फार वेळ लागत नाही. यात न जमलेली गोष्ट सांगितली आहे, नाकारलेले पर्याय आहेत आणि निर्णयाची किंमतही आहे. पुढे परीक्षेत कोणी "पाचच वाचने का?" असे विचारले, तर हे पान उघडून तिथून बोलायला सुरुवात करता येते.

कंपन्यांमध्ये अशा नोंदींना आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड म्हणतात. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये त्यांचा जो साधा साचा मांडला, त्यात शीर्षक, स्थिती, परिस्थिती, निर्णय आणि परिणाम एवढेच भाग आहेत. त्यातला 'स्थिती' हा भाग विद्यार्थ्यांनी आवर्जून घ्यावा. निर्णय पुढे बदलला तर जुने पान फाडायचे नाही. "निर्णय १२ ने रद्द" असे त्यावर लिहायचे आणि ते तसेच ठेवायचे.

आपले अनुभव आणि आक्षेप दोन्ही अवश्य लिहावेत.

---

ठाणे फास्ट

मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटातला एक जण विरारहून येतो, एक पनवेलहून, मी कल्याणहून आणि एक जण महाविद्यालयाच्या जवळ राहतो. व्याख्याने संपली की प्रत्येकाला आपली गाडी गाठायची असते, त्यामुळे आमच्या बैठका बहुतेक व्हॉट्सॲपवर होतात आणि निर्णय रात्री अकरा वाजता कोणाच्या तरी "ओके डन" या संदेशाने होतो. तीच नोंद समजून चॅट एक्स्पोर्ट करून ठेवले तर चालेल का?

---

खडू फळा

मी गेली अनेक वर्षे प्रकल्पांना मार्गदर्शन करते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देते. चॅट एक्स्पोर्ट करून अवश्य ठेवा, पण ती नोंद नव्हे, तो कच्चा माल आहे. चॅटमध्ये "हो, तेच करू या" असे वाक्य असते, आणि 'तेच' म्हणजे काय हे वीस संदेश वर, एखाद्या चित्रात किंवा दीड मिनिटाच्या ध्वनिसंदेशात असते. एक्स्पोर्ट करताना चित्रे आणि ध्वनिसंदेश वगळले गेले, तर त्या होकाराला काही अर्थच उरत नाही. गटात संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर प्रश्नच मिटला.

माझ्या गटांना मी एवढेच सांगते की चर्चा कुठेही करा, पण निर्णय झाला की ज्याची पाळी असेल त्याने तो झोपण्यापूर्वी सामायिक दस्तऐवजात तीन-चार वाक्यांत लिहावा आणि त्याचा दुवा गटात टाकावा. बाकीच्यांनी सकाळच्या गाडीत तो वाचून आपले नाव खाली लिहावे. एखाद्याला वाटले की ठरले होते ते वेगळेच, तर ते दुसऱ्याच दिवशी कळते. दोघांनी दोन वेगळ्या समजुतींवर पंधरा दिवस काम केले, असे मग होत नाही. नोंद लिहिण्याचे काम आठवड्यागणिक फिरते ठेवा. एकाच मुलीच्या गळ्यात ते कायमचे पडते, असे मी वारंवार पाहिले आहे. कारण काय, तर तिचे अक्षर चांगले आहे.

सह्यांबद्दल माटुंगेकर यांनी लिहिले ते खरे आहे आणि त्यात आम्हा मार्गदर्शकांचाही वाटा आहे. एकेका मार्गदर्शकाकडे अनेक गट असतात, त्यात परीक्षांचे वेळापत्रक आणि पर्यवेक्षण येते. तरीही आठवड्याचा एक ठरावीक तास ठेवला आणि त्या तासाला लॉगबुक उघडूनच बोलायला सुरुवात केली, तर सही आपोआप त्याच दिवशी होते. मी सहीच्या वर एक प्रश्न लिहिते. पुढच्या आठवड्याची नोंद त्या प्रश्नाच्या उत्तराने सुरू व्हावी, एवढीच माझी अट असते.

---

गोरेगाव पूर्व

मी व्यवसायाने प्रोग्रॅमर आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. वही आणि सह्या यांची आता गरजच काय? लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलच्या कामासाठी २००५ मध्ये गिट हे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन तयार केले, आणि आज जवळजवळ प्रत्येक गट ते वापरतो. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे जतन केलेल्या बदलाच्या नोंदीत, कोणी बदल केला, केव्हा केला आणि नेमकी कोणती ओळ बदलली, हे आपोआप नोंदले जाते. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) असतो, त्यामुळे मागची एखादी नोंद गुपचूप बदलली तर तिच्यापुढचे सगळे हॅश बदलतात. कागदी वहीला अशी शिस्त लावता येत नाही. विद्यार्थ्यांनी कमिटचे संदेश नीट लिहिले, म्हणजे पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी आणि खाली सविस्तर कारण, तर वेगळे लॉगबुक ठेवणे हे दुहेरी काम ठरते.

---

माटुंगेकर

गोरेगाव पूर्व, कमिटच्या संदेशांबद्दल आपण लिहिले ते प्रत्येक गटाने भिंतीवर लावावे असे आहे. तरीही केवळ गिटवर विसंबू नये, असे मला वाटते, आणि त्याची कारणे गिटच्या रचनेतच आहेत.

कमिटवरची तारीख ही कमिट करणाऱ्याच्या संगणकावरच्या घड्याळाची असते आणि ती हवी तशी देताही येते. म्हणून ती एकटी पुरावा ठरत नाही. लेखकाचे नाव आणि ईमेलही प्रत्येकाने आपापल्या संगणकावर भरलेले असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर आधीच्या विद्यार्थ्याचे नाव राहून गेले असेल, तर तुमचे काम त्याच्या नावावर चढते. शाखा (कोडची वेगळी चाललेली आवृत्ती) मुख्य प्रवाहात घेताना 'स्क्वॉश' केले, तर आठवडाभराच्या टप्प्यांचे एकच कमिट होते आणि मधला प्रवास मुख्य शाखेत दिसत नाही. हे टाळता येते, पण त्यासाठी गटाने पहिल्याच आठवड्यात नाव-ईमेल तपासायला हवे आणि शाखा कशा मिसळायच्या हे ठरवायला हवे. माझ्या मते निर्णयवहीतले पहिले पान याचेच असावे.

दुसरे असे की गिटमध्ये जे केले ते दिसते. जे करायचे नाही असे ठरले त्याचा तिथे मागमूस नसतो. फ्लोट स्विच न घेण्याच्या निर्णयाचे कमिट कधीच होणार नाही.

दुहेरी कामाचा आपला मुद्दा मात्र मान्य आहे, आणि त्यावर सोपा उपाय आहे. निर्णयवही रिपॉझिटरीतच (गिटमध्ये प्रकल्पाचा कोड असतो त्या जागीच) एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलींच्या रूपाने ठेवावी, एका निर्णयाला एक फाइल. लॉगबुकात फक्त "निर्णय ७ पाहा" असे लिहावे आणि सहीसाठी तेवढे पान छापावे.

---

गोरेगाव पूर्व

हे पटले. रिपॉझिटरीतच निर्णय ठेवण्याची पद्धत आम्हीही कामावर वापरतो. विद्यार्थ्यांच्या लॉगबुकाशी ती जोडण्याचा विचार मी केला नव्हता.

एक भर घालतो. निर्णयवहीत एककांचे पान असलेच पाहिजे. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचताना नष्ट झाले, कारण जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत देत होते आणि ते वापरणारे दुसरे सॉफ्टवेअर ते न्यूटन सेकंदांत आहेत असे धरून चालले होते. टाकीच्या उदाहरणात सेन्सरकडून सेंटिमीटर येतात, एक विद्यार्थी त्यांचे लिटर करतो आणि दुसरा पडद्यावर टक्के दाखवतो. सेन्सर मोजतो ते वरून पाण्यापर्यंतचे अंतर असते, पाण्याची खोली नव्हे, हे लिहून ठेवले नाही तर भरलेली टाकी रिकामी दिसेल. वेळेचेही तसेच आहे : सर्व्हरवर वेळ बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. पहाटे पाच वाजता आलेल्या पाण्याची नोंद आदल्या दिवशी रात्री साडेअकराला आलेली दिसली, तर सोसायटीचा सेक्रेटरी त्या ॲपवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

---

शाईची दौत

मी यंदाच पदवी घेतली. आमच्या गटात चाचण्या, वापरकर्त्यांच्या मुलाखती आणि अहवालाचे लेखन माझ्याकडे होते. शेवटच्या आढाव्यात समितीतील एका सरांनी रिपॉझिटरीचे पान उघडले, आलेख पाहिला आणि तुमच्या कमिट इतक्या कमी का, असे सर्वांसमोर विचारले. गटातील ज्या मुलाच्या नावावर सर्वांत जास्त ओळी होत्या, त्याच्या निम्म्याहून अधिक ओळी पॅकेज-लॉक फाइलच्या होत्या, म्हणजे त्या साधनाने स्वतः लिहिलेल्या होत्या. माझ्या सहकाऱ्यांनी तिथे माझी बाजू मांडली आणि गुणही नीट मिळाले. पण दाखवायला माझ्याजवळ काही असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते. ज्यांचे काम कोडमध्ये दिसत नाही त्यांनी नोंद कशी ठेवावी?

---

माटुंगेकर

आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ओळी मोजून माणसांचे काम मोजण्याची सवय शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना दोघांनाही लागत आहे, आणि ती अन्यायकारक आहे.

चाचणीचे काम नोंदवायला सर्वांत सोपे असते, फक्त ते बोलून न सोडता लिहायला हवे. दोष सापडला की गटाच्या चॅटमध्ये "लॉगिन चालत नाहीये" एवढे लिहून थांबू नये. रिपॉझिटरीच्या इश्यू यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या फोनवर, कोणत्या पायऱ्या केल्यावर काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, हे लिहावे. तो दोष दुरुस्त करणाऱ्याने आपल्या कमिटमध्ये तोच क्रमांक लिहावा. मग पन्नास ओळींच्या दुरुस्तीमागे कोणाची चाचणी होती, हे कोणालाही दिसते. मुलाखतींचे टिपण, त्यांतून निघालेल्या गरजा आणि त्या गरजांमुळे बदललेले निर्णय हेही क्रमांकांनी एकमेकांशी जोडावेत. निर्णयाच्या पानावर "मुलाखत ३ वरून" एवढे लिहिले तरी पुरते.

दोघांनी एकाच संगणकावर बसून कोड लिहिला असेल, तर कमिटच्या संदेशाच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' ही ओळ घालून दुसऱ्याचे नाव आणि ईमेल द्यावे. गिटहब हे रिपॉझिटरी ठेवण्याचे संकेतस्थळ त्या दोघांनाही श्रेय दाखवते.

---

वांद्रे टर्मिनस

नोंदींच्या भरात काय लिहू नये, तेही कोणीतरी सांगायला हवे. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची एपीआय की (ती सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) रिपॉझिटरीत गेली, तर ती ओळ दुसऱ्या दिवशी काढून टाकल्याने काही साधत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्यावी, साफसफाई नंतर करावी.

मुलाखतींच्या टिपणांबाबतही तसेच. सोसायटीतील लोकांची नावे, सदनिकांचे क्रमांक आणि फोन सर्वांना दिसणाऱ्या रिपॉझिटरीत ठेवू नयेत. "रहिवासी १, तिसरा मजला" एवढ्याने काम भागते. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आहे आणि नोकरीला लागल्यावर हा विषय रोज समोर येणार आहे, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

---

ठाणे फास्ट

सर्वांचे आभार. आमच्या गटाने निर्णयवहीचे फोल्डर कालच तयार केले. आणखी दोन शंका आहेत. कोडचा काही भाग आम्ही चॅटजीपीटीकडून घेतो, काही भाग स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून. ते लॉगबुकात लिहिले तर गुण कमी होतील, अशी भीती वाटते. दुसरी शंका थोडी नाजूक आहे. गटातला एखादा जण कामच करीत नसेल, तर त्याची नोंद करावी का?

---

गोरेगाव पूर्व

पहिल्या शंकेबद्दल सांगतो. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतो, त्यात श्रेय देणे ही अटच आहे, त्यामुळे दुवा द्यावाच लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून काही घेतले असेल, तर महाविद्यालयाचा नियम आधी विचारावा. त्यानंतर कोणत्या फाइलीतील कोणता भाग घेतला, त्यात आपण काय बदलले आणि तो बरोबर आहे हे कसे तपासले, हे लिहावे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाचणी करून त्यात चूक शोधली आणि ती दुरुस्त केली असे पान वहीत असेल, तर तो भाग तुम्हाला कळला आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

---

खडू फळा

दुसऱ्या शंकेचे उत्तर देते. नोंद करावी, पण माणसाची नव्हे, कामाची करावी. "अमुक जण आळशी आहे" किंवा "सहकार्य करीत नाही" अशी वाक्ये लॉगबुकात कधीही येऊ नयेत. "नकाशाचे पान, १९ तारखेपर्यंत, अमुककडे" अशी नोंद आधीच असेल, तर १९ तारखेला तिच्यापुढे "झाले नाही, २६ पर्यंत पुढे ढकलले" एवढे लिहिणे पुरेसे आहे. ते त्या विद्यार्थ्याच्या उपस्थितीत लिहावे आणि खाली त्याचेही नाव घ्यावे.

लिहिण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे, हे त्याहून आवश्यक आहे. माझ्या अनुभवात असा विद्यार्थी कधी घरच्या आजारपणात अडकलेला असतो, कधी संध्याकाळी नोकरी करीत असतो. पुष्कळदा त्याला ते काम येत नसते आणि ते सांगायला तो संकोचत असतो. त्याला वेगळे काम दिले तर तो ते मनापासून करतो, आणि तो बदलही निर्णयवहीत येऊ शकतो. सलग दोन वेळा काम पुढे ढकलले गेले, तर लॉगबुक घेऊन मार्गदर्शकाकडे जावे आणि त्यालाही सोबत न्यावे. हे पहिल्या आढाव्याच्या आसपास झाले तर आम्ही कामाची वाटणी बदलू शकतो, विभागप्रमुखांशी बोलू शकतो. तोंडी परीक्षेच्या दिवशी दालनाबाहेर उभे राहून सांगितले, तर आमच्या हातात काहीच उरलेले नसते.